पाठमोरी

"पाठ करून उभं राहायचं, एवढंच. काही झालं तरी वळायचं नाही," सिनेमाचे दिग्दर्शक मुकुंदराव मला म्हणाले. "तुम्हाला बोलायचं नाही, रडायचं नाही. कॅमेऱ्याला फक्त तुमची पाठ दिसणार आहे, वहिनी."

मी मान हलवली. अंगावर हिरॉईनबाईंचं हिरवं इरकली लुगडं होतं. बाईंना आदल्या दिवसापासून ताप होता, त्या कोल्हापूरला परत गेल्या होत्या, आणि मागून त्यांच्यासारखी दिसणारी बाई त्या अख्ख्या गावात मी एकटीच आहे असा शोध कॅमेरामन इस्माईलभाईंना लागला होता. मी आले होते ती आमच्या ह्यांचा जेवणाचा डबा घेऊन. हे नुकतेच काविळीतून उठले होते, बाहेरचं काही खायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळच्या एसटीनं डबा घेऊन उतरले आणि दुपारी सिनेमातली बाई होऊन परक्या घराच्या अंगणात भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं व्हायला आली.

आमचे हे म्हणजे शाहीर सर्जेराव हुजरे. नाव ऐकलं नसेल तर गाणं तरी ऐकलं असेल. 'ऊन लागंल गं बाई, सावलीत ये' हे त्यांचं गाणं एके काळी आमच्या भागात लग्नाच्या मांडवापासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत कुठंही वाजायचं. उन्हात खेळणाऱ्या लेकीला बाप हाका मारतोय, एवढंच ते गाणं. पण डफावर थाप टाकून ते 'बाई' या शब्दावर आवाज असा चढवायचे, आणि वर नेऊन असा फाटू द्यायचे, की मिशाळ माणसं फेट्याच्या शेवानं डोळे टिपायची. आवाज शिकलेला नव्हता. त्याला एक खरखर होती, ती त्यांनी कधी घासून काढली नाही.

ते जाऊन दोन वर्षं झाली. अजून लोक घरी येतात, शाहीर माणूस म्हणून कसे होते विचारतात. मी चहा करते. काय सांगणार? त्यांना स्वतःचं फार कौतुक होतं. हॉटेलात शिरले की आधी गल्ल्यावरच्या माणसाला आपली कॅसेट लावायला सांगायचे. प्यायचे. सांगलीला एक बाई होती; ती मला माहीत होती आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. चिडले तर ढोलकीवाल्याच्या अंगावर डफ फेकायचे आणि तासाभरानं त्याच्याच गळ्यात पडून रडायचे. रडणं त्यांना फार सोपं होतं. वगात काम करायचे तेव्हा तर बोट दाखवाल त्या डोळ्यातून पाणी काढायचे. गावातला कुणी लंगडा, कुणी तोतरा, कुणी सावकारापुढं वाकणारा, सगळ्यांना ते नुसतं बघून घरी घेऊन यायचे आणि आरशासमोर तसे होऊन दाखवायचे. मी पोट धरून हसायची.

त्या आधी दोन सिनेमांत त्यांनी फेटा बांधून एकेक गाणं म्हटलं होतं. मोठं काम हे पहिलंच. गावोगाव हिंडणारा गाणारा बारा वर्षांनी घरी येतो, बायको त्याला बघून पाठ फिरवते, आणि तो तिची माफी मागतो. मला एवढंच सांगितलं होतं. माफी कशाची, हे मी विचारलं नाही. बायकोची माफी मागायला नवऱ्याकडं कारणं काय कमी असतात!

"तयार? शाहीर, तुम्ही फाटकातून या. सावकाश. वहिनींच्या मागं चार पावलांवर थांबा. कॅमेरा सुरू... ॲक्शन!"

कॅमेऱ्याची किरकिर सुरू झाली. मागं पावलं वाजली. मी समोरच्या भिंतीवर थापलेल्या शेणाच्या गोवऱ्या मोजत होते. पावलं थांबली.

"पारू," हे म्हणाले. पारू म्हणजे सिनेमातली बायको. "पारू, मला कळलंच न्हाई गं. आपली लेक तापानं फणफणतीया, गळा सुजून तिला पाणी गिळंना झालंय, आनि मी तिकडं डफ वाजवत हुतो. कुणी सांगितलंच न्हाई मला. कळलं असतं तर... कळलं असतं तर अनवाणी धावत आलो असतो गं. आडवी नदी असती तर पवून आलो असतो. पमे, बापाला माफ कर गं पमे!"

माझं गोवऱ्या मोजणं तिथंच थांबलं.

पमी आमची होती. प्रमिला. अडीच वर्षांची असताना घटसर्पानं गेली, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिच्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. आणि त्या नऊ वर्षांत आमच्या घरात तिचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. तिची अंगडी मी माझ्या आईकडं नेऊन ठेवली होती, कारण घरात दिसली की हे उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, ह्यांना सोसत नाही.

"कट! वा शाहीर, वा!" मुकुंदराव ओरडले. बघायला जमलेल्या गावातल्या बायका नाक ओढत होत्या ते मला ऐकू येत होतं.

"कसं झालं?" मागून ह्यांचा आवाज आला. एकदम साधा, जेवणाचं ताट मागावं तसा. "शेवटाला आवाज जरा जास्तच चढला काय? आनि उजवा गाल येतोय न्हवं कॅमेऱ्यात?"

"सगळं येतंय. फक्त नाव चुकलं. मुलीचं नाव चिमी आहे, तुम्ही पमी म्हणालात."

"पमीच ऱ्हाऊ द्या, मुकुंदराव. पमी म्हटलं की रडू आपसूक येतं."

मी तशीच भिंतीकडं तोंड करून उभी होते. मला कुणी हलायला सांगितलं नव्हतं.

"एक अजून घेऊ. वहिनी, अगदी छान उभ्या होता. तशाच राहा."

पुन्हा किरकिर. पुन्हा फाटकापासून तीच पावलं. पुन्हा "पारू", आणि तोच श्वास, 'कळलं असतं तर'च्या पुढं तेच अडखळणं, दोनदा तंतोतंत एकाच जागी. 'पमे' म्हणताना आवाज तसाच फाटला, गाण्यात फाटायचा तसा.

मी वळले.

ह्यांच्या दोन्ही गालांवर पाणी होतं आणि डोळ्यांत राग. ती दोन एकाच चेहऱ्यावर मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"शालन! शॉट घालवलास की!"

"कट, कट! वहिनी, अहो काय केलंत हे!"

"ही गोष्ट कुणी लिहिली?" मी विचारलं.

 संवाद लिहिणारे एक बारीकसे गृहस्थ झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. ते अर्धवट उठले. "शाहिरांनीच सांगितली, वहिनी. आम्ही लिहायला बसलो होतो तेव्हा. सांगताना त्यांना फार त्रास झाला. आम्ही सगळेच रडलो."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगण ओलांडून घरामागच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. मागं मुकुंदराव म्हणत होते, "शाहीर, समजूत घाला. ऊन तासभर राहील फार तर. आज हा शॉट झाला नाही तर उद्या हे अंगण आपल्याला मिळणार नाही. यांच्याकडं साखरपुडा आहे."

गोठ्यात एक म्हैस होती आणि कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. हे आत आले ते फेटा काढून हातात घेऊन.

"चल. माणसं खोळंबल्यात."

"पमीचं नाव कशाला घेतलंत?"

"घेतलं तर काय बिघडलं? माझी लेक न्हवती का ती?"

"नऊ वर्षांत घरात एकदा तरी घेतलंत?"

त्यांनी म्हशीकडं बघितलं. "अगं, ते काम हाय. कामात माणूस आपलंच काय-बाय घालतो. न्हाईतर आनायचं कुठनं?"

"मग इथं आना," मी म्हणाले. "इथं कॅमेरा न्हाई. माणसं न्हाईत. मी पाठ करून उभी न्हाई. तिथं जे म्हणत हुता ते माझ्या तोंडाकडं बघून म्हणा."

त्यांनी तोंड उघडलं. "शालन, मला कळलंच..." म्हणाले आणि थांबले. फेट्याचा एक पदर सुटून खाली शेणात लोंबत होता. सिनेमाचा नवा फेटा, पण त्यांनी उचलला नाही.

"बोला की."

"न्हाई बोलवत."

मला वाटलं, आता रडतील. रडले असते तर मी बहुतेक त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं असतं. नऊ वर्षं मला तेच हवं होतं. पण ते नुसते उभे राहिले.

त्या दिवशी काय झालं होतं ते सांगते. पमीचा गळा दोन दिवसांत इतका सुजला की तिला हाक मारली तरी 'ओ' देता येईना. दुपारी गावच्या दवाखान्यात आलेल्या तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, तिथंच इंजेक्शन मिळेल. गावात गाडी नव्हती. जीप होती ती ह्यांच्या गाण्याच्या पार्टीची, आणि ती ह्यांच्याबरोबर वाळवणीच्या यात्रेला गेलेली. तिथं ह्यांचा दुपारचा कार्यक्रम होता. वाळवणी तीस मैल. मामंजींनी पोस्टात जाऊन तार केली. 'पमी गंभीर. जीप घेऊन या.' मी पोरीला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसले. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की उठायची. दिवस कलला तेव्हा मामंजींनी एकाची बैलगाडी जोडली. नदीच्या पुलापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले. घरच्या ओट्याच्या दगडावर डोकं आपटून घेतलं, रक्त निघालं. तार मला आज सकाळी मिळाली म्हणाले. मी विश्वास ठेवला. नऊ वर्षं मी पोस्टाला शिव्याशाप दिले. आमच्या दारात येणाऱ्या पोस्टमनला मी कधी पाण्याचा तांब्या दिला नाही.

"तार मिळाली हुती," हे म्हणाले.

"ठाऊक हाय मला. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"न्हाई." ते माझ्याकडं बघत नव्हते. "त्याच दिवशी. तीन वाजता. कार्यक्रम सुरू व्हायचा हुता. यात्रेतला एक माणूस घेऊन आला. मी वाचली आनि खिशात ठेवली."

मला आधी अर्थच लागला नाही. मी म्हणाले, "कुठल्या खिशात?"

असलं काहीतरी मूर्खासारखं विचारलं. आणि ते म्हणाले, "बंडीच्या. आतल्या."

म्हशीनं शेपूट मारलं. बाहेर कुणीतरी हसत होतं, कसल्या तरी वेगळ्याच गोष्टीला.

"माणूस किती जमलं हुतं तुला काय सांगू, शालन. डोक्याला डोकं लागलं हुतं. फलकावर पहिल्यांदाच माझं नाव सगळ्यांच्या वर लिवलं हुतं. मला वाटलं, पोरं आजारी पडत्यात, बरी हुत्यात. मला वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न. गातो आनि निघतो."

"मग निघाला का न्हाई?"

"लोकांनी सोडलं न्हाई. वन्समोअर झाला. ते सावलीचं गाणं तीनदा म्हणायला लावलं. नंतर कंपनीचा माणूस भेटायला आला, रेकॉर्ड काढू म्हणाला. मग बसलो त्याच्यासंगं." ते थांबले. "प्यालो."

"पुरे," मी म्हणाले.

"अजून एक हाय. ते बी ऐक." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढं वाकावं लागलं. त्या माणसाचा आवाज ऐकायला मला आयुष्यात कधी वाकावं लागलं नव्हतं. "ते गाणं त्या दिवशी जसं झालं तसं पुन्हा कधी झालं न्हाई. मी आधी कितीदा म्हटलं हुतं, लोक ऐकून घ्यायचे आनि गप बसायचे. त्या दिवशी खिशात तार हुती. लेक हातची चाललीया हे गाताना मला ठाऊक हुतं. म्हणून ते तसं झालं. आनि गाता गाता मला कळत हुतं, की आज लई भारी हुतंय. मला बरं वाटत हुतं, शालन."

त्यांचे डोळे कोरडे होते. मी मुद्दाम बघितलं. एक थेंबसुद्धा नव्हता.

मी त्यांना मारलं नाही, किंचाळले नाही. कडब्याच्या पेंढीवर बसले, एवढं आठवतं. ज्या गाण्यावर आमचं घर चाललं, ज्याच्यामुळं माणसं मला रस्त्यात नमस्कार करायची, ते गाणं मी स्वतः चुलीपुढं किती वेळा गुणगुणले होते. तिच्या आठवणीनं. मला ते पमीचं गाणं वाटायचं.

"शाहीर!" बाहेरून मुकुंदरावांच्या असिस्टंटनं हाक मारली. "अर्धा तास उरलाय उन्हाचा! वहिनी येणार आहेत का दुसऱ्या कुणाला उभं करू?"

 दुपारी लुगडं बदलताना ठेवलेली माझी पिशवी कोपऱ्यात होती, तिच्यात रिकामा डबा. पाचची एसटी मिळाली असती. आईकडं गेले असते आणि परत आले नसते. माझ्या मनात तेच होतं, अगदी पक्कं. पिशवी मी उचललीसुद्धा.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी गेले तर हे लोक शेजारपाजारची कुणीतरी बाई धरून आणतील. तिला ते हिरवं लुगडं नेसवतील. आणि तिच्या पाठीकडं बघून हे पुन्हा म्हणतील, 'कळलं असतं तर धावत आलो असतो'. मग ते सिनेमात जाईल, गावोगावच्या थेटरांत वाजेल, बायका रडतील. माझ्या लेकीच्या नावानं ते खोटं कायमचं छापलं जाईल.

मी पिशवी खाली ठेवली. "दुसरी नको," मी बाहेर येऊन म्हणाले. "मीच उभी ऱ्हाते."

मुकुंदरावांनी हात जोडले. "वहिनी, उपकार झाले. आता एकच करायचं, वळायचं नाही. एवढीच फिल्म शिल्लक आहे. ह्यात झालं तर झालं."

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. ऊन आता माझ्या मागून येत होतं, त्यामुळं माझी सावली भिंतीवर पडली होती, लांब आणि वाकडी. लोकांना मागं सरकवलं. इस्माईलभाई कॅमेरा सारखा करत होते. त्या वेळी सिनेमात आवाज नंतर स्टुडिओत जाऊन भरायचे, इथं फक्त चित्र घ्यायचे. हे मला सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं. बरं झालं सांगितलं होतं.

"ॲक्शन!"

पावलं आली. या खेपेला ती तशी नव्हती, मध्येच एक पाऊल घसटलं. माझ्या सावलीशेजारी भिंतीवर दुसरी सावली आली, फेट्याची. थांबली.

"पारू," हे म्हणाले.

मी ओठ फारसे न हलवता बोलले. कॅमेऱ्याची किरकिर चालू होती आणि तो उजव्या अंगाला चांगला वीस पावलांवर होता. चार पावलांवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोलले.

"कळलं असतं तर, असं म्हणलात तर मी वळीन. आनि समद्यांसमोर सांगीन."

मागं काहीच आवाज आला नाही.

माझं काळीज इतकं धडधडत होतं की लुगड्याखाली पाठ हलत असेल असं मला वाटलं. त्यांनी ते वाक्य म्हटलं असतं तर मी खरंच वळणार होते. फिल्म संपली असती, काम गेलं असतं, पुन्हा त्यांना कुणी सिनेमात उभं केलं नसतं. हे त्यांना कळत होतं आणि मला कळत होतं. त्या गर्दीत आणखी कुणालाच नाही. भिंतीवरच्या सावलीचा हात वर उठला. मला हात लावतात की काय, असं वाटून मी अंग आखडून घेतलं. हात तिथंच थांबला. मग हळूहळू खाली गेला.

त्यांनी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा. सोडून दिला. पुन्हा घेतला. पुन्हा सोडला.

मुकुंदराव 'कट' म्हणतील, आता म्हणतील, अशी मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. कॅमेरा चालूच. बघ्यांमध्ये एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. गोवऱ्यांवरून ऊन वर सरकताना दिसत होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी कॅमेऱ्याचाच आवाज बदलला, फिल्म संपून टोक फटफटायला लागलं.

"कट," मुकुंदराव म्हणाले, ते ओरडून नव्हे. आणि या वेळी कुणी वा म्हटलं नाही.

मी वळले तेव्हा हे फाटकाबाहेर गेले होते.

तो शॉट तुम्ही पाहिला असेल. पुढं त्याला फार नाव मिळालं. सिनेमा पडला, पण तो शॉट राहिला. एक शब्द न बोलता या माणसानं बारा वर्षांचा पश्चात्ताप दाखवला, असं पेपरात आलं. बक्षीस मिळालं. नव्या मुलांना नाटक शिकवणारे लोक तो अजून दाखवतात म्हणे. माझ्यासाठी ते गप्प राहिले, की शॉट बिघडू नये म्हणून राहिले, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. संवाद कुणी काढून टाकला असं लोकांनी विचारलं, की हे म्हणायचे, "मुकुंदरावांनी." मुकुंदराव म्हणायचे, "शाहिरांनी."

मी आईकडं गेले. आठ महिने राहिले, तिथल्या बालवाडीवर काम करायला लागले. मग ह्यांना दुसऱ्यांदा कावीळ झाली आणि मी परत आले, पण बालवाडी सोडली नाही, आमच्या गावात दुसरी काढली. माणूस सुधारला असं सांगायला मला आवडलं असतं. ते पुन्हा प्यायले, सांगलीलाही जात राहिले. सावलीचं गाणं म्हणणं त्यांनी थांबवलं नाही, लोक थांबवू देत नव्हते. फक्त एक झालं. घरात पमीचं नाव निघायला लागलं. आज पमी असती तर एवढी असती, असं ते जेवताना मध्येच म्हणायचे, आणि मी 'हो' म्हणायची. अंगडी आईकडून आणून मी त्यांच्यादेखत फळीवर ठेवली. ते उठून गेले नाहीत.

सिनेमा लागला तेव्हा मी आईकडंच होते. हे कोल्हापूरहून मोटार घेऊन न्यायला आले. नवा सदरा, केसांना कलप. "एकदा बघ," म्हणाले. "एवढंच मागतो. नंतर परत सोडतो."

गेले. पहिल्याच दिवशीचा खेळ, थेटर भरलेलं होतं. लोक मागं वळून त्यांच्याकडं बघत होते आणि ह्यांना ते हवंच होतं. खुर्चीत ताठ बसून सगळ्यांना नमस्कार करत होते. पडद्यावर स्वतः आले की माझ्या कानाशी लागायचे, "बघ, चालणं बघ माझं." पहिल्या गाण्याला शिट्ट्या पडल्या तेव्हा तर उठून उभे राहिले.

मग ते अंगण आलं. फाटक आलं. हिरवं लुगडं नेसलेली माझी पाठ आली. बाजूची खुर्ची वाजली म्हणून बघितलं, तर हे अंधारात लोकांचे पाय ओलांडत दाराकडं निघाले होते.

मी एकटीनं तो शॉट बघितला. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला तेव्हाच पहिल्यांदा दिसला. एवढा मोठा, पडदाभर. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

संपल्यावर मीही बाहेर आले. हे थेटरच्या आवारात पानाच्या टपरीपाशी दाराकडं पाठ करून उभे होते, हातात न पेटवलेली सिगारेट.

"झालं का ते?" त्यांनी न वळताच विचारलं.

"झालं."

"मग चल आत, लवकर," ते म्हणाले आणि सिगारेट खिशात टाकून माझ्या पुढं चालायला लागले. "आता माझं दुसरं गाणं हाय. ते चुकवू नको."

मी त्यांच्या मागोमाग गेले. अंधारात चाचपडत आपापल्या जागा शोधल्या. गाणं सुरू झालं. हे पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून स्वतःचं गाणं ऐकत होते. आणि खोटं कशाला सांगू, गाणं फार चांगलं होतं.